मयतराव आज मरणार नाहीत

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जे गृहस्थ राहतात त्यांना सगळे मयतराव म्हणतात, आणि तेही हाक मारली की ओ देतात. हे नाव कोणी उगाच ठेवलेलं नाही, त्यांनी ते मेहनतीने कमावलं आहे. एके काळी टीव्हीवर एका डिटेक्टिव्हची मालिका लागायची. तुमचं वय झालं असेल तर तुम्हाला ती आठवत असेल, आणि झालं नसेल तर तुमचं काही बिघडलेलं नाही. त्या मालिकेत दर आठवड्याला एक खून व्हायचा, आणि बहुतेक आठवड्यांत तो मयतरावांचा व्हायचा. बँकेचा मॅनेजर, निवृत्त कर्नल, व्हायोलिनवादक, दुष्ट सावकार, भोळा सावकार, असे सगळे होऊन ते मेले. एका भागात तर जुळे भाऊ होते आणि दोघेही मयतरावच मेले. कधी मिशी लावून, कधी काढून, कधी पालथे, कधी चादरीखाली. पण एकाही प्रेक्षकाच्या ते लक्षात आलं नाही. मेलेल्याच्या तोंडाकडे कोण बघतं? सगळे डिटेक्टिव्हच्या तोंडाकडे बघायचे.

त्या तोंडाबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. तीन लिहिण्याइतकं त्यात काही नव्हतं. डिटेक्टिव्ह भर उन्हाळ्यात गळ्याला तपकिरी मफलर गुंडाळून यायचा. प्रेतापाशी वाकायचा, त्याचा वास घ्यायचा, मनगट उचलून नाडी बघायचा, मग छताकडे बघायचा आणि घशातून आवाज काढून म्हणायचा, "हा मेलेला नाही. याला मारलंय." झालं. घराघरांतून माणसं माना डोलवायची. पाठीत मुठीपर्यंत सुरा रुतलेला दिसत असताना हे सांगायला मफलरवाला माणूस कशाला लागतो, असं विचारायचं कोणालाही सुचलं नाही. शेवटी तो सगळ्या संशयितांना एका दिवाणखान्यात बसवायचा आणि बोलत सुटायचा. इतकं बोलायचा की खुनी कंटाळून कबूल व्हायचा. याला त्या काळी बुद्धिमत्ता म्हणत.

मयतराव या धंद्यात आले तेही झोपेत. ते गाद्यांच्या दुकानात विक्रेते होते. दुपारी जेवण झालं की गिऱ्हाइकाला दाखवायच्या गादीवरच पाठ टेकायची त्यांची रीत होती. मालिकेच्या मंडळींपैकी एक जण खुनाच्या प्रसंगासाठी पलंग भाड्याने न्यायला आला, त्याने मयतरावांना पाहिलं आणि दुकानाच्या मालकाला हळू आवाजात सांगितलं, की तुमचा माणूस गेला. मालक म्हणाला, तो रोजच असा जातो, चार वाजता येईल. पलंगवाल्याने तिथेच ठरवलं की पलंगाबरोबर हा माणूसही हवा.

आता प्रेताचं काम म्हणजे नुसतं पडून राहणं, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मयतरावांसमोर तसं बोलू नका. मी एकदा बोललो आणि पूर्ण रविवार गमावला. श्वास पोटात घ्यायचा नाही, छातीच्या वरच्या भागात घ्यायचा, तोही डिटेक्टिव्ह बोलायला लागल्यावर, कारण तेव्हा कॅमेरा त्याच्यावर असतो. पाय बाहेरच्या बाजूला पडू द्यायचे, जुळवून ठेवले की माणूस लाजतोय असं दिसतं. उघड्या डोळ्यांनी मरायचं तर कशाकडेही बघायचं नाही, आणि न बघता डोळे उघडे ठेवणं ही कला सरकारी कचेरीतल्या माणसांनंतर आपल्यालाच जमली, असं त्यांचं म्हणणं. मरताना डोळे एक तर मिटलेले, नाही तर न बघणारे असल्यामुळे डिटेक्टिव्ह त्यांनी कधी नीट पाहिलाच नव्हता. आधी बुटांची कुरकुर यायची, मग बाम आणि अत्तर यांचा एकत्र वास यायचा, की मयतरावांचा श्वास आपोआप बंद. दुसऱ्या कोणाचंही पाऊल वाजलं तरी चालायचं. हे पाऊल वाजलं की गडी गार.

हे सगळं वैभव घरात एकच माणूस बघत नव्हतं, त्यांची बायको. वहिनींनी लग्नानंतर लगेचच एक भाग पाहिला होता. त्यात ह्यांच्या तोंडातून फेस आला, डोळे पांढरे झाले आणि बाजूला बसलेली सासू म्हणाली, छान केलंय. वहिनी उठल्या त्या जिन्यात जाऊन बसल्या. पुढे मालिका होती तितकी वर्षं, मालिकेच्या संध्याकाळी त्या घड्या घालायचे कपडे घेऊन जिन्यात बसायच्या. सगळ्या इमारतीतून डिटेक्टिव्हचा आवाज येत असायचा आणि वहिनी पायरीवर बसून उशीचे अभ्रे दुमडत असायच्या. कोणी बोलावलं तर म्हणायच्या, "दर आठवड्याला मला विधवा करतात, आणि वर त्याची जाहिरात करतात. मी नाही बघायची."

मयतरावांनी यावर कधी वाद घातला नाही. पण माणूस एखादी गोष्ट मन लावून करतो तेव्हा ती घरच्यांनी बघावी असं त्याला वाटतंच. जगाने नाही पाहिलं तरी चालतं.

मालिका बंद पडली. डिटेक्टिव्हने नंतर डोकेदुखीच्या गोळ्यांची जाहिरात केली, आणि मालिका पाहिलेल्यांना ती योग्यच वाटली. मयतराव पुन्हा पूर्णवेळ गादीवर आले. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात कोणाच्या तरी डोक्यात आलं की त्या जुन्या मंडळींना गोळा करून सिनेमा काढावा.

जुनी मालिका परत आणणाऱ्या माणसांबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही, म्हणून जरा धुऊन सांगतो. यांना नवीन काही सुचत नाही, आणि आपल्याला जुनं आठवतं, या दोन दुर्बलतांवर त्यांचं पोट चालतं. पोस्टर लागलं. त्यावर डिटेक्टिव्ह हाताची घडी घालून उभा, केस बुटांच्या पॉलिशसारखे काळे, मागे मोटार पेटलेली. मालिकेत कधी मोटार पेटली नव्हती, साधी बिडी पेटवायलाही त्यांना तीन वेळा प्रयत्न करावे लागायचे. त्याचा सडपातळ मदतनीस आता दारातून तिरका होऊन आत येत होता. चहा आणून देणारी सेक्रेटरी आजी झाली होती आणि अजून चहाच आणून देत होती. इन्स्पेक्टरचं काम करणारा नट मात्र खरोखरच वारला होता. सगळ्या मंडळींत प्रसंग ओळखून वागलेला तो एकटाच.

सिनेमाच्या प्रसिद्धीचं काम एका मुलीकडे होतं. तिला जुने सगळे भाग बघायला लावले होते, कोणत्या अपराधासाठी ते माहीत नाही. बघता बघता तिच्या लक्षात आलं की कर्नल, व्हायोलिनवादक आणि दोन्ही जुळे भाऊ यांचे कान एकसारखे आहेत. शोधत शोधत ती गाद्यांच्या दुकानात आली. तिने दिग्दर्शकाला सुचवलं की ज्या माणसाला आपण इतक्या वेळा मारलं, त्याला या वेळी जिवंत दाखवू, लोकांना गंमत वाटेल. अशा रीतीने मयतरावांना वॉचमनची भूमिका मिळाली. वाक्य एक: "साहेब, मी त्याला बाहेर जाताना पाहिलं नाही."

त्या संध्याकाळी मयतराव घरी गेले आणि बायकोला म्हणाले की या वेळी मी जिवंत आहे. वहिनींनी विचारलं, शेवटपर्यंत? ते म्हणाले, बोलतो आणि चालत निघून जातो. वहिनींनी हातातला अभ्रा दुमडून ठेवला. मग म्हणाल्या, जिवंत असाल तर येईन बघायला.

झालं, त्या दिवसापासून इमारतीत आणि दुकानात कोणाला सुख राहिलं नाही. गिऱ्हाइकाने कापसाचा भाव विचारला की मयतराव दूर बघत सांगायचे, साहेब, मी त्याला बाहेर जाताना पाहिलं नाही. गिऱ्हाईक स्वतःच बाहेर जायचं. माझ्या दारात उभे राहून त्यांनी ते वाक्य दुःखी, घाबरलेल्या, स्वाभिमानी आणि बेफिकीर अशा सगळ्या सुरांत म्हणून दाखवलं. मी म्हटलं, सगळे सारखेच वाटतात. ते म्हणाले, शेजारी, तुम्हाला कान नाहीत.

शूटिंगच्या दिवशी सकाळी वहिनी वर आल्या. भावजी, म्हणाल्या, तुम्ही बरोबर जा. "हे भिडस्त आहेत. कोणी मर म्हटलं की मरतील."

असा मी पहारेकरी म्हणून गेलो. एका बंद पडलेल्या हॉटेलच्या तळमजल्यावर शूटिंग होतं. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या, जमिनीवर जाडजाड वायरी, आणि मधोमध मयतराव वॉचमनचा गणवेश घालून ताठ उभे. दिग्दर्शक हा निर्मात्याचा पुतण्या होता आणि त्यासाठी लागणारे सगळे गुण त्याच्याकडे होते. तो कोपऱ्यात छोट्या पडद्यासमोर कानाला यंत्र लावून बसला होता. समोर घडणारी गोष्ट सरळ मान वर करून बघता येते हे त्याला कोणी सांगितलं नसावं.

मग डिटेक्टिव्ह आला. दोन माणसांनी दोन्ही दंडांना धरून त्याला गाडीतून उतरवलं, आणि दारापाशी आल्यावर सोडून दिलं, म्हणजे तो स्वतः आल्यासारखा दिसावा. मफलर तोच. प्रसिद्धीवाल्या मुलीने मयतरावांची ओळख करून दिली. डिटेक्टिव्हने दारातूनच वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, चेहरा ओळखीचा वाटत नाही. मयतराव क्षणभर खजील झाले. मग त्यांनी डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली आणि ओठ किंचित उघडले.

"अरे," डिटेक्टिव्ह म्हणाला, "तू होय."

आता पुढचा घोटाळा समजण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. डिटेक्टिव्हला संवाद पाठ होत नाहीत. पूर्वीही होत नसत, पण तेव्हा त्याला वयाचं निमित्त नव्हतं. चष्मा लावायला तो तयार नाही, कारण तरुण मुलींचा हिरमोड होईल असं त्याला मनापासून वाटतं. म्हणून त्याची वाक्यं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून समोरच्या नटाच्या छातीवर चिकटवतात आणि कॅमेरा नटाच्या गळ्याच्या खाली येऊ देत नाहीत. ती वाक्यं वाचण्यासाठी साहेब इतके वाकतात की बघणाऱ्याला वाटावं, काय बारीक निरीक्षण आहे.

मयतरावांच्या छातीवर कागद लागला. दिवे लागले. लांबून बुटांची कुरकुर ऐकू आली. मग बाम आणि अत्तर यांचा वास आला. डिटेक्टिव्ह मयतरावांच्या छातीवर वाकला आणि कागद वाचून म्हणाला, "बोल, खुनी कुठे गेला?"

मयतराव मेले.

म्हणजे पडले नाहीत, उभेच होते. पण श्वास बंद, डोळे उघडे आणि त्यांत कोणी नाही. गणवेशातलं अव्वल दर्जाचं प्रेत, फक्त उभं. दिग्दर्शक ओरडला, वाक्य. वाक्य कुठलं येतंय. डिटेक्टिव्ह मागे सरला तेव्हा मयतरावांनी दचकून श्वास घेतला आणि सगळ्यांची माफी मागितली. पुन्हा सुरुवात झाली. पुन्हा कुरकुर, पुन्हा वास, पुन्हा मयत. त्यांना खुर्चीवर बसवून पाहिलं, तर बसून मेले. पाणी पाजून पाहिलं, तर पाणी तोंडात धरून मेले. मी बाजूला नेऊन म्हटलं, अहो, ते नुसतं म्हातारं खोड आहे, त्याला काय घाबरता? ते म्हणाले, घाबरत नाही हो, पण तो जवळ आला की मला वाटतं माझं काम सुरू झालं.

शेवटी पुतण्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर कल्पना सुचल्याची कळा होती, आणि ती त्याला शोभत नव्हती. तो म्हणाला, सोपं करू, वॉचमनचाही खून झालाय, याला इथेच आडवा करा. डिटेक्टिव्ह एकदम खुलला. मफलर नीट करत म्हणाला, आता कसं, मी तेच म्हणणार होतो, याच्या प्रेतावर वाकलो की मला आपोआप अभिनय सुचतो. एकाने लाल रंगाची बाटली आणली. दुसऱ्याने जमिनीवर जागा पुसली. मी वहिनींचा पहारेकरी, पण मीही बघतच राहिलो, कारण मयतराव खरोखरच गुडघे वाकवायला लागले होते. पाय बाहेरच्या बाजूला कसे पडतील याचा अंदाज घेताना मी त्यांना पाहिलं.

मग ते अर्ध्यातच थांबले आणि परत उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले. "आज मरणार नाही. घरी सांगून आलोय."

कोणाला काही कळेना. पुतण्याला वाटलं त्यांना जास्त काहीतरी हवंय. डिटेक्टिव्ह जवळ आला, त्याने मयतरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की बाबा रे, जिवंत माणसं कुणीही करतं, मरणं तुझ्यासारखं कोणाला जमत नाही, तू माझ्या हातात मोठा झालास.

मयतरावांचा श्वास पुन्हा अडकत होता, ते मला दिसत होतं. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि भिंतीकडे बघत एका दमात बोलून टाकलं. "साहेब, इतकी वर्षं माझी नाडी तुमच्या हातात होती. मी जिवंत आहे हे तुम्हाला एकदाही कळलं नाही. तुम्ही कसले डिटेक्टिव्ह?"

लाल रंगाची बाटली धरलेला माणूस आधी हसला. मग दिवेवाले हसले. मग चहा आणून देणारी ती आजी हसली, आणि तिचं हसणं बरीच वर्षं साठवलेलं असावं, कारण ते संपेचना. डिटेक्टिव्हने मफलरचं एक टोक खांद्यावरून मागे टाकलं आणि आता आपण अपमानित होऊन जात आहोत अशा चालीने तो निघाला. दारापाशी त्याला दोन माणसांची वाट बघत उभं राहावं लागलं, त्यामुळे परिणाम जरा कमी झाला.

साहेब गाडीत जाऊन बसले आणि आज येणार नाहीत असा निरोप आला. हॉटेल तर दिवसभरासाठी घेतलेलं. प्रसिद्धीवाल्या मुलीने डोकं चालवलं. तिने दिव्याचा एक रिकामा स्टँड मयतरावांसमोर उभा केला आणि त्याला जादाचा मफलर बांधला. सांगितलं, काका, हेच साहेब समजा. मयतरावांनी स्टँडकडे पाहिलं. स्टँडला वास नव्हता, बूट नव्हते, गर्व नव्हता. ते सरळ म्हणाले, "साहेब, मी त्याला बाहेर जाताना पाहिलं नाही," आणि वळून दारातून चालत बाहेर गेले. पहिल्याच फटक्यात जमलं. दुसऱ्या दिवशी डिटेक्टिव्हचा भाग घेतला, तेव्हा त्याच्यासमोरही तोच स्टँड होता, कागद चिकटवलेला. त्या तिघांत स्टँडने सर्वांत चांगलं काम केलं असं मला त्या मुलीनेच सांगितलं.

सिनेमा लागला. आम्ही तिघे दुपारच्या खेळाला गेलो. वहिनींनी ठेवणीतले कपडे घातले होते आणि सिनेमागृहात एवढी कमी माणसं पाहून त्यांना संकोच वाटत होता, जणू लोकांना बोलवायचं त्यांच्याकडेच होतं. सिनेमाबद्दल थोडक्यात सांगतो. मारामारीत डिटेक्टिव्हचं तोंड दिसायचं तेव्हा हात दिसायचे नाहीत आणि हात दिसायचे तेव्हा पाठ तिशीतल्या माणसाची असायची. मेलेल्या इन्स्पेक्टरचा फोटो भिंतीवर होता, त्याच्याकडे बघून सगळे आळीपाळीने रडले. एकदा आमच्या मागच्या रांगेतला माणूस घोरायला लागला तेव्हा आम्हाला जरा सोबत वाटली.

मग ते हॉटेल आलं. वहिनींनी खुर्चीचा हात पकडला. पडद्यावर मयतराव उभे होते, भिंतीएवढे मोठे, गणवेशात. डिटेक्टिव्हने विचारलं. वहिनी पुटपुटल्या, आता काय करतायत बघू. पडद्यावरचे मयतराव बोलले. सगळं वाक्य बोलले, त्यांच्याच आवाजात, आणि आमच्या शेजारी बसलेले मयतराव ओठ हलवून ते परत बोलले. मग पडद्यावरचे मयतराव वळले, चालत गेले, दार उघडलं, बाहेर पडले, दार लागलं.

वहिनी उभ्या राहिल्या. "उठा," म्हणाल्या.

मयतराव म्हणाले, अगं, अजून खुनी सापडायचाय.

"सापडला काय, न सापडला काय. तुम्ही जिवंत आहात तोवर निघू या. यांचा काही भरवसा नाही, परत आत बोलावतील."

मयतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुडघे आवळून त्यांना वाट करून दिली आणि मग मीही उठलो. त्यामुळे खुनी कोण होता हे मला आजतागायत माहीत नाही, आणि सिनेमा पूर्ण पाहिलेल्या एका माणसाला विचारलं तर तो म्हणाला, त्यालाही नक्की सांगता येणार नाही.

बाहेर लख्ख ऊन होतं. वहिनी पुढे चालत होत्या. मयतराव मागून, ताकास तूर न लागू देता, म्हणजे आपल्याला काही ऐकायची घाई नाही असं दाखवत. बस थांब्यापर्यंत त्यांनी तग धरला. मग विचारलंच, कसं वाटलं?

"आवाज चांगला लागला होता," वहिनी म्हणाल्या.

"आणि काम?"

"काम कसलं, एक तर वाक्य होतं."

मयतराव बस येतेय का ते बघायला लागले. थांब्यावर बाकावर एक अनोळखी बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. वहिनींनी तिच्या शेजारी बसून पदर सारखा केला, थोडा वेळ बसची वाट पाहिली, आणि मग तिच्याकडे वळून सांगितलं की तो समोर लागलाय ना डिटेक्टिव्हचा सिनेमा, त्यात आमचे हे आहेत. बाईने मयतरावांकडे पाहिलं आणि विचारलं, काय झालेत?

"वॉचमन," वहिनी म्हणाल्या. "बोलतात. चालत जातात."

बाईने विचारलं, बघावा का, आणि खून कोणी केलेला असतो?

"ते काही आम्ही बघितलं नाही," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचं काम झालं, आम्ही उठलो."